फायटर मासा खात नव्हता तेव्हा: निळोबाचा नाशिकमधला हिवाळा

माझ्या भाचीला बंगळुरूला नोकरी लागली. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात हजर व्हायचं होतं, राहायची सोय पीजीत, आणि पीजीत कुठलाही प्राणी चालत नाही. त्यामुळे तिचा ठाण्याचा फायटर मासा डिसेंबरच्या अखेरीस माझ्याकडे नाशिकला आला. अंग गडद निळं, पंखांच्या कडांना लाल झाक. नाव निळोबा. तिने वर्षभर त्याला जीव लावून सांभाळलं होतं, आणि माझ्या हातात बरणी देताना तिचे डोळे भरून आले होते. हा मासा नीट राहिलाच पाहिजे, हे मी तिथेच मनाशी ठरवलं.

पुढे तो खायचाच थांबला. तेव्हा मी मराठीत काही वाचायला मिळतं का ते शोधत होते आणि हाताला फारसं काही लागलं नाही. म्हणून हे सगळं क्रमाने, खर्चासकट लिहिते आहे.

आधी प्रवासाचं सांगते. निघायच्या आदल्या दिवशी त्याला खायला दिलं नव्हतं, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. बरणी अर्धीच भरली होती. फायटर कल्ल्यांबरोबरच वर येऊन तोंडाने हवाही घेतो, त्यासाठी त्याच्या डोक्यात वेगळं इंद्रिय असतं, त्यामुळे बरणीत पाण्याइतकीच हवा लागते. बरणी थर्माकोलच्या खोक्यात, खोकं गाडीत पायाशी, आणि कसारा घाट चढून दुपारी घरी. माझी टाकी वीस लिटरची. पूर्वीचे गप्पी मी मैत्रिणीला दिले होते, पण झाडं आणि गोगलगाई होत्या म्हणून स्पंज फिल्टर चालूच ठेवला होता. बरणी टाकीत तरंगत ठेवून तासभर थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घातलं आणि मग त्याला सोडलं.

पहिले काही दिवस तो खाणार नाही, हे मी धरूनच चालले होते. जागा बदलली, पाणी बदललं, मासा बावरतो. निरोगी मोठा फायटर आठवडाभर उपाशी राहिला तरी सहसा काही बिघडत नाही. पण हा तळाशी जावा मॉसच्या (पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या झाडाच्या) झुपक्याला टेकून पडून राहायचा, पंख मिटलेले. हवा घ्यायला तेवढा वर यायचा आणि परत खाली. दाणा नाकासमोरून तरंगत गेला तरी डोळा हलायचा नाही. रोज रात्री भाचीचा व्हिडिओ कॉल: “आत्या, खाल्लं का गं त्याने आज?” आणि मी “उद्या खाईल बघ” म्हणायचे. न खाल्लेले दाणे मात्र पंधरा मिनिटांत ड्रॉपरने ओढून काढत होते. ते कुजले की पाण्यात अमोनिया वाढतो आणि आधीच मलूल असलेला मासा आणखी आजारी पडतो.

या दिवसांत मी एक वही केली. तारीख, सकाळचं तापमान, त्याला काय दिलं, त्याने काय केलं. पुढे जे जे कळलं ते या वहीमुळे. मासा खात नाही याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. एक, तो खाण्याकडे बघतच नाही. दुसरी, बघतो, जवळ येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. तिसरी, नीट खातो पण तरीही वाळत जातो. या तिन्हींची कारणं सहसा निरनिराळी असतात. निळोबाने एकामागून एक तिन्ही दाखवल्या, आणि दर वेळी उपायही निराळा निघाला.

पहिल्या तऱ्हेत खाद्य बदलून काही होत नाही, आधी पाणी बघावं लागतं. काचेचा साधा थर्मामीटर ऐंशी रुपयांना मिळतो, तो टाकीत होताच. सकाळी पारा अठरावर. त्या आठवड्यात पेपरात निफाडच्या थंडीची बातमी रोज पहिल्या पानावर होती, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होते. ठाण्याच्या दमट हवेत वर्षभर राहिलेला हा मासा मुळचा थायलंडचा. भाताची खाचरं, उथळ दलदल, डबकी हे त्याचं घर. त्या देशाने २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं आहे. त्याला चोवीस ते अठ्ठावीस अंशांचं पाणी लागतं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं. पाणी गार झालं की पचन मंदावतं, आणि पचन मंदावलं की भूकही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडच्या बाजूच्या एका दुकानातून पन्नास वॅटचा हीटर आणला, साडेचारशेच्या आसपास पडला. घेताना दुकानदारांनी एक चांगली गोष्ट सांगितली: “ताई, हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, थर्मामीटर वेगळा ठेवा.” खरंच, हीटरवर सव्वीस लावलं की पाणी अठ्ठावीसपर्यंत जात होतं. तापमान एकदम चढवायचं नाही. मी दोन दिवसांत हळूहळू सव्वीसवर आणलं. वर झाकण हवंच, कारण हा मासा वरची हवा घेतो. पाणी कोमट आणि वरची हवा बर्फासारखी, असं चालत नाही. मी काचवाल्याकडून टाकीच्या मापाची काच कापून घेतली, कोपऱ्यात हवेपुरती फट ठेवून. पाणी बदलताना हीटर आधी बंद करून पंधरा मिनिटं थांबावं. तापलेली नळी उघडी पडली की तडकते. नवं पाणी बादलीत गरम पाणी मिसळून टाकीइतकं करायचं, त्यात अँटीक्लोरीनचे थेंब, मग टाकीत. वीज गेली की टाकीभोवती जुनी रजई. हे सगळं आता हाताला सवयीचं झालं आहे, पण पहिल्या आठवड्यात वीज गेली की माझ्या पोटात गोळा यायचा.

त्याच वेळी अमोनिया तपासायचा किट घेतला, चारशेच्या घरात. अमोनिया शून्य आला. माझी टाकी जुनी, फिल्टरच्या स्पंजात जिवाणू वसलेले, म्हणून हा प्रश्न मिटला. पण ज्यांनी नवी टाकी आणून त्याच संध्याकाळी मासा सोडला आहे, त्यांनी इथेच थांबून पाणी तपासावं. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. तोवर अमोनिया किंवा नायट्राइट दिसला की थोडं थोडं पाणी वारंवार बदलत राहणं एवढंच हातात असतं. आणि हीटर लावणाऱ्यांनी हे जास्त सांभाळावं, कारण तोच अमोनिया गरम पाण्यात अधिक जहाल होतो.

ऊब मिळाल्यावर चार-पाच दिवसांत निळोबा बदलला. पंख उघडले. सकाळी दिवा लावला की काचेपाशी यायला लागला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी एक दाणा टाकला आणि तो झेपावून वर आला, दाणा तोंडात! मी स्वयंपाकघरातून यजमानांना हाक मारली. ते येईपर्यंत दाणा बाहेर. परत घेतला, दोनदा चघळला, परत थुंकला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा गाल फुगवून क्षणभर थांबला, मला वाटलं आता गिळतोय, आणि दाण्याचा भुगा कल्ल्यांमागून धुरासारखा बाहेर आला. मग तो वळून निघून गेला. मी काचेला नाक लावून बसले होते. त्याला खायचं आहे आणि जमत नाही, हे इतकं स्पष्ट दिसत होतं की मला रडू आलं.

ही दुसरी तऱ्हा, आणि इथे मात्र खाद्याकडे बघायचं. दाणा मोठा आहे का, कडक आहे का, जुना आहे का, आणि माशाला ते अन्न म्हणून ओळखीचं आहे का. मी दाणे टाकीच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवले. ब्लेडने अर्धे केले. डबा उघडून वर्ष झालं असेल तर वास आणि जीवनसत्त्वं दोन्ही गेलेली असतात, म्हणून नवा छोटा डबा आणला, दीडशे रुपये. प्रकाश टाकून तोंड पाहिलं, ओठाला जखम, सूज किंवा कापसासारखी बुरशी नाही ना. काही नव्हतं. तरी थुंकणं चालूच.

मग भाचीला खोदून विचारलं. ती म्हणाली, “आत्या, दाणे त्याने कधी खाल्लेच नाहीत गं. दुकानवाले काका म्हणाले होते फायटरला जिवंत वर्म्सच लागतात, म्हणून मी दर आठवड्याला घेऊन यायचे.” म्हणजे वर्षभर जिवंत ट्युबिफेक्स, गाळात वाढणारे दोऱ्यासारखे कृमी. हलणारं, लाल, मऊ. त्याच्यापुढे हा तपकिरी निर्जीव दाणा. त्याला ते खाणं वाटतच नव्हतं. रानातला फायटर पाण्यावर पडलेले किडे, डासांच्या अळ्या, बारीक जलजीव यांवर जगतो. त्याचं तोंडही वरच्या बाजूला वळलेलं असतं ते त्यासाठीच. हालचाल दिसली की तो झडप घालतो.

नाशिकला ट्युबिफेक्स मिळतात, वाटीभर स्वस्तात मिळतात. मी ते आणायचे नाहीत असं ठरवलं. ते सहसा गटारांच्या आणि नाल्यांच्या गाळातून येतात, आणि त्यांच्याबरोबर रोगजंतू आणि कृमी येऊ शकतात. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, गच्चीवर बादली भरून ठेव, डासांच्या अळ्या आयत्या होतील. फायटरला त्या फार आवडतात हे खरं, पण आपल्याकडे डेंग्यूमुळे तो मार्ग बंद समजावा. त्याच आठवड्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी टॉर्च घेऊन आमच्या इमारतीत आले, गच्चीवरचे पिंप, कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे सगळं बघून गेले. माझी टाकीसुद्धा पाहिली. मासा आहे म्हटल्यावर म्हणाले, मग अळी राहणार नाही. वहीत नोंद केली, दारावर खूण केली. अळ्या सापडल्या तर नोटीस येते, आणि यायलाच हवी.

राहिला आर्टेमियाचा मार्ग. ही खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबीसारखी जीवजात. तिची सुकी अंडी डबीत मिळतात, छोटी डबी साधारण दोनशेला. ती घरी उबवता येतात आणि स्वच्छ जिवंत खाद्य मिळतं. मी हे आधी कधी केलं नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

लिटरभराची पाण्याची बाटली घेतली, तळ कापून उलटी केली, झाकण घट्ट. त्यात लिटरभर पाणी आणि दोन चमचे जाडं मीठ. आयोडीनचं नको, खडामीठ बरं. अंडी अगदी पाव चमचा. हवेची नळी तळापर्यंत सोडून पंप जोराने चालू, कारण अंडी सतत घुसळली गेली पाहिजेत. वर दिवा. या पाण्यालाही सव्वीस ते अठ्ठावीसची ऊब लागते, आणि नाशिकच्या जानेवारीत ती कुठून आणायची? मी बाटली टाकीच्या काचेला चिकटवून, दोन्हींभोवती रजई गुंडाळून ठेवली. पहिल्या खेपेला दीड दिवस झाला तरी काही दिसेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंप बंद करून बाटलीच्या तळाशी मोबाईलचा टॉर्च धरला, आणि प्रकाशाकडे नारिंगी रंगाचा एक ढग हळूहळू गोळा झाला. नीट बघितलं तर प्रत्येक ठिपका आपापला हलत होता. रिकामी टरफलं वर तरंगतात, ती घ्यायची नाहीत, माशाने गिळली तर पोट बिघडतं. खालचा नारिंगी ढग तेवढा ड्रॉपरने ओढला, जुन्या सुती रुमालातून गाळला, गोड्या पाण्याने धुतला.

पहिला थेंब त्याच्यासमोर सोडला. निळोबा जागच्या जागी थांबला. डोळे, दोन्ही वेगवेगळे, त्या ठिपक्यांमागे फिरायला लागले. मग एक टिपला. थांबला. दुसरा टिपला. आणि मग थांबलाच नाही, ढगातून पुढे-मागे करत एकेक ठिपका वेचत राहिला. पोट हलकंसं गोल नारिंगी दिसायला लागलं तेव्हा मी ड्रॉपर बाजूला ठेवला. रात्रीचे साडेदहा वाजले होते, भाचीला फोन लावला, आणि आम्ही दोघी फोनवर काही न बोलता त्याच्याकडे बघत बसलो.

इथे थांबायचा मोह होतो, पण नुसत्या आर्टेमियाच्या पिल्लांवर मोठा मासा कायम ठेवता येत नाही, आणि रोज उबवणं जमतही नाही. म्हणून पुढची पायरी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका किड्याच्या लाल अळ्या. बारीक ठोकळ्यांची पट्टी, दीडशे-दोनशे रुपये. घेताना दुकानातला फ्रीझर नीट चालतो का बघा. ठोकळे आकार बिघडून एकमेकांना चिकटले असतील तर ते एकदा वितळून परत गोठलेले असतात, ते नकोत. एक ठोकळा वाटीत टाकीच्या पाण्यात विरघळवायचा, चिमट्याने दोन-तीन अळ्या उचलून समोर हलवायच्या. हाताने धरू नयेत, काहींना त्यांची ॲलर्जी येते, माझ्या बोटांना खाज सुटली. पोट साधारण डोळ्याएवढं समजून द्यावं असं मासे पाळणारे सांगतात. हा अंदाज ढोबळ आहे, पण हात आवरायला उपयोगी पडतो.

तो आता रोज खात होता. वहीत सलग ‘खाल्लं’ लिहिलं जात होतं. आणि तरीही जानेवारी संपता संपता वरून बघितलं की डोक्यामागचा भाग खोलगट दिसायला लागला. मी दर रविवारी वरून एक फोटो काढत होते, ते फोटो शेजारी ठेवल्यावर शंका उरली नाही. शिवाय विष्ठा पांढरी, पारदर्शक, लांब दोऱ्यासारखी, मागे लोंबकळत राहणारी. ही तिसरी तऱ्हा.

व्हॉट्सॲपवर मासे पाळणाऱ्यांचा एक गट आहे, तिथे फोटो टाकला. तासाभरात सल्ल्यांचा पाऊस: मीठ टाका, हळद टाका, निळं औषध टाका, उकडलेला मटार भरवा. सगळे मनापासून सांगत होते. मटाराचं एवढं सांगते, हा कीटक खाणारा मासा आहे, त्याला मटार नीट पचत नाही. बद्धकोष्ठ असेल, पोट टम्म फुगलं असेल तर एक-दोन दिवस उपास आणि मग डाफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातला एक बारीक जीव, त्याच्या कवचाने पोट साफ व्हायला मदत होते. आणि खवले अंगापासून उभे राहिले असतील तर तो वेगळा आणि गंभीर आजार आहे, त्यात वेळ घालवू नये. निळोबाचं पोट फुगलेलं नव्हतं, उलट खपाटीला गेलं होतं.

मी पशुवैद्य शोधायला लागले. फोनवर बऱ्याच दवाखान्यांनी सांगितलं, कुत्रा-मांजर बघतो, मासा नाही. एका ठिकाणी “मॅडम, मासा ना? नवीन घ्या, शंभर रुपयांत येतो” असंही ऐकलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ मला बोलता येईना. शेवटी पक्षी, कासवं, ससे बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंचा नंबर मिळाला. त्यांची वेळ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली. फोनवरच त्यांनी काय आणायचं ते सांगितलं आणि ते इथे लिहून ठेवते, कारण त्याने एक फेरी वाचते: टाकीतलं पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत, त्याच दिवशीची ताजी विष्ठा टाकीच्याच थोड्या पाण्यात, तो खातानाचा आणि पोहतानाचा व्हिडिओ, वरून आणि बाजूने फोटो, आणि वही. मासा आणायलाच हवा असं नाही, पण आणलात तर थर्माकोलच्या खोक्यात, उबेत.

ताजी विष्ठा मिळवणं हे त्या दिवसाचं मोठं काम. सकाळी सहापासून ड्रॉपर हातात घेऊन टाकीसमोर बसले होते.

दवाखान्यात केसपेपर काढायचा होता. खिडकीवरच्या मुलीने फॉर्म दिला: मालकाचं नाव, प्राण्याचं नाव, जात, वय, वजन, लसीकरण झालं आहे का. जातीत कुत्रा, मांजर, इतर. ‘इतर’पुढे ‘फायटर मासा’ लिहिलं. वजन आणि लसीकरण रिकामं सोडलं तर संगणक पुढे सरकेना, मग तिने वजनात शून्य टाकलं आणि हाताने शेरा लिहिला. पाचशे रुपये तपासणीचे, अडीचशे सूक्ष्मदर्शकाचे, पावती मिळाली. रांगेत एक लॅब्राडोर, दोन मांजरं आणि माझ्या मांडीवर खोकं. कुणी हसलं नाही. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “काय होतंय त्याला?” आणि नीट ऐकून घेतलं.

डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. मग विष्ठेचा थेंब काचपट्टीवर घेऊन बघितला आणि मलाही बघायला बोलावलं. लांबट, पिंपासारखी अंडी, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखं काहीतरी. त्या म्हणाल्या, “ही गोलकृमींची अंडी आहेत, कॅपिलॅरिया प्रकारची. हा खातोय ते ह्यांच्या पोटात जातंय.” ट्युबिफेक्ससारख्या गाळातल्या कृमींमधून हे माशापर्यंत पोहोचू शकतं, पण इथे तसंच झालं असं ठामपणे सांगता येणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी भाचीला हे सांगताना फार सांभाळून सांगितलं. तिने तर त्याच्या आवडीचं खाऊ घातलं होतं.

औषध लेव्हामिसोल. हे शेळ्यामेंढ्या-गुरांना जंतांसाठी देतात, त्यामुळे मी पशुऔषधांचं दुकान शोधलं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ठळक लिहून दिलं होतं: नुसतं लेव्हामिसोल, ऑक्सिक्लोझानाइड (जंतांचं दुसरं एक औषध) मिसळलेलं नको. बाजारात मिश्र बाटल्याच जास्त असतात, म्हणून लेबल स्वतः वाचा. दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला पशुऔषधांचं दुकान सापडलं. “ताई, शेळ्या किती आहेत?” मासा म्हटल्यावर त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, आतून शोधून साधं औषध काढून दिलं. बाटली सव्वाशेच्या आत.

मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. ती टाकीतल्या खऱ्या पाण्याच्या लिटरवर आणि बाटलीतल्या औषधाच्या तीव्रतेवर ठरते. डॉक्टरांनी आधी वेगळ्या बाटलीत सौम्य द्रावण करायला लावून त्यातले मोजके मिलिलिटर सिरिंजने घालायला सांगितलं. टाकीत वाळू आणि झाडं असतात, म्हणजे वीस लिटरच्या टाकीत वीस लिटर पाणी नसतं, हेही लक्षात ठेवून मोजायचं. औषध उजेडात निकामी होतं, म्हणून दिवा बंद, टाकीवर काळं कापड, एक दिवस-रात्र. मग तळ सायफनने स्वच्छ करून मोठ्या प्रमाणात पाणी बदलायचं, कारण औषधाने कृमी लुळे पडून बाहेर येतात, ते तळाशी राहता कामा नयेत. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून साधारण तीन आठवड्यांनी परत एकदा. मधल्या काळात दुसरं काहीही टाकीत टाकायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. दोन-तीन उपाय एकदम केले की कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, ते कळत नाही.

काळ्या कापडाखालची ती रात्र मला झोप लागली नाही. सकाळी कापड उचललं तर तो तळाशी होता, श्वास भराभर चाललेला. पाणी बदलल्यावर दुपारपर्यंत वर आला. संध्याकाळी काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आर्टेमिया दिला तर सगळा खाल्ला. आठवड्याभरात विष्ठेचा रंग बदलला, आखूड आणि तपकिरी. फेब्रुवारीच्या शेवटी दुसरी मात्रा. मार्चमध्ये परत नमुना दाखवला, या वेळी फक्त सूक्ष्मदर्शकाचे पैसे घेतले. अंडी नव्हती.

आता उरला होता दाण्याचा प्रश्न, आणि त्याला घाई करायची नसते. मासा अशक्त असताना ‘भूक लागली की खाईल’ म्हणून उपाशी ठेवणं योग्य नाही, म्हणून अंग भरेपर्यंत मी ब्लडवर्मच देत राहिले. होळीनंतर सुरुवात केली. ब्लडवर्मच्या विरघळलेल्या लाल पाण्यात दाण्याचे बारीक तुकडे भिजवायचे. चिमट्यात एक अळी, तिला चिकटलेला एक तुकडा. अळी गिळताना तुकडाही जायचा. कधी तो तेवढाच तुकडा वेगळा काढून थुंकायचा, इतकं त्याला नेमकं कळत होतं! मग पहिला घास दाण्याचा, त्याने नाकारला तर दहा मिनिटांनी परत, आणि मगच अळी. वेळ ठरलेली, सकाळी नऊ, आणि दाणा टाकण्याआधी काचेवर नखाने दोनदा टिचकी. काही दिवसांत टिचकीलाच तो वर यायला लागला. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी त्याने भिजवलेला अर्धा दाणा घेतला, दोनदा चघळला आणि गिळला. मी श्वास रोखून पुढचे पाच मिनिटं बघत होते, बाहेर आला नाही.

सगळा खर्च मिळून अडीच-तीन हजारांच्या मध्ये झाला, त्यात हीटर, किट आणि दवाखाना हे मोठे आकडे. ज्यांच्याकडे थंडी पडते त्यांनी हीटर दिवाळीच्या सुमारासच घ्यावा, जानेवारीत दुकानांत पटकन मिळेलच असं नाही.

सध्याचं वेळापत्रक असं: सकाळी दोन-तीन भिजवलेले दाणे, संध्याकाळी तेवढेच, आठवड्यातून एक-दोनदा ब्लडवर्म किंवा डाफ्निया, आणि सोमवारी काहीच नाही. एप्रिलपासून हीटर बंद आहे. उन्हाने टाकी तिशीच्या वर जायला लागली की खिडकीला पडदा आणि झाकण थोडं सरकवून ठेवते. मे महिन्यात आम्ही चार दिवस ठाण्याला जाऊन आलो. बाजारात सुट्टीसाठी विरघळणाऱ्या खाद्याच्या वड्या मिळतात, त्या छोट्या टाकीत पाणी खराब करतात, त्या नकोत. वहिनींकडे कागदाच्या पुड्या दिल्या होत्या, प्रत्येक पुडीत तीन दाणे आणि वर वार लिहिलेला. डबा मुद्दाम कपाटात कुलूप लावून ठेवला होता, कारण तो वर येऊन बघायला लागला की कुणाचाही हात सैल सुटतो. परत आल्यावर एक पुडी तशीच होती. वहिनी म्हणाल्या, “अगं, सोमवारची पुडीच नव्हती, मी बावरले, मग मंगळवारची बुधवारी दिली.” निळोबा काचेपाशी उभा होता, पंख पूर्ण पसरलेले, आणि नऊ वाजायला अजून वेळ होता.